चार नंबरची बाटली

दुकानदाराने डब्याचं झाकण उघडलं, उलटं केलं आणि आतली बाजू उजेडाकडे धरली. पत्र्यात उठवलेली अक्षरं गंजाने अर्धीअधिक खाल्ली होती. त्याने नखाने गंज खरवडला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून वाचलं. मग डबा काउंटरवर ठेवला आणि आधी हात फडक्याला पुसले.

"हा कुठून आणलात?"

"एका पाट्या रंगवणाऱ्याने धंदा बंद केला, त्याच्याकडून," थोरली म्हणाली. "मला अगदी हीच छटा हवीय. तीस पुतळे राहिलेत. मध्येच रंग बदलला तर लगेच डोळ्यांत भरेल."

"हा आता नाही मिळायचा. आम्ही ठेवणं केव्हाच बंद केलं. शिशाचा पिवळा आहे हा." त्याने डबा एका बोटाने तिच्याकडे सरकवला. "पाट्यांना, लोखंडाला ठीक होता. पोटात गेला तर वाईट. तुमच्याकडे कुणी तोंडाला लावत नाही ना?"

"छे! तोंडाला कोण लावेल?" थोरली म्हणाली, आणि हसलीसुद्धा. डबा मात्र तिने घाईघाईने पिशवीत कोंबला.

कारण तिच्या घरात तो रंग गेले पाच आठवडे रोज तोंडाला लागत होता. लावणारी होती तिची धाकटी जाऊ, आणि धाकटीला पाचवा महिना लागला होता.

या दोघी जावा चिमुकले पुतळे रंगवायच्या. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं. कधी कुणाच्या खेळातले शिपाई, कधी एखाद्या संग्रहालयाच्या देखाव्यातली गर्दी. धाकटीचा हात असा की राईएवढ्या डोळ्यात ती बुबुळ काढायची आणि बुबुळात उजेडाचा ठिपकाही ठेवायची. थोरलीला ते जमत नव्हतं, आणि जमत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणून तिने सामानाचं कपाट आपल्या ताब्यात ठेवलं होतं. कोणता ब्रश घ्यायचा, कोणता रंग कशावर बसेल, प्रायमर, म्हणजे अस्तराचा काळा रंग, कोणत्या हवेत मारायचा, हे सगळं थोरली सांगणार. तेही खरंच चोख सांगायची. ब्रश पाण्यात उभा सोडला की तिच्या कपाळावर आठी. केसांच्या अर्ध्याच्या वर रंग चढू दिला की दुसरी आठी. काम संपलं की गार पाण्यात साबण लावून ब्रश धुवायचा, आडवा सुकवायचा आणि केसांवर प्लास्टिकची नळी चढवायची. नवी बाटली हवी असेल तर आधी जुनी उलटी करून दाखवायची. तिच्या कपाटापुढे घरातल्या कर्त्या पुरुषांचीही डाळ शिजत नसे. धाकटा दीर एकदा दाराची बिजागरी रंगवायला तिथला ब्रश घेऊन गेला होता. त्यानंतर आठवडाभर तो जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून जेवला.

आणखी एक सवय होती तिला. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू परक्या लेबलासकट तिच्या कपाटात जायची नाही. जुनं लेबल भिजवून, खरवडून काढायचं, डबा लख्ख पुसायचा आणि वर आपल्या वळणदार अक्षरात नवं नाव चिकटवायचं. त्या पिवळ्याच्या डब्यावरही कागद होता. ओलीने कुजलेला, काळपट, खाली लाल पट्टी असलेला. लाल पट्टीत काय लिहिलंय ते तिने वाचलं नव्हतं. तिला तो कागद घाण वाटला, एवढंच. तिने तो कोमट पाण्याने सोलून काढला आणि नवीन चिठ्ठी लावली, 'पिवळा, उत्तम'.

आणि रंग होताच उत्तम. हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पिवळ्यासारखा छळवादी रंग नाही. चार-चार हात द्यावे लागतात, तरी खालचा काळा डोकावतो. पाचव्या हाताला कपड्यांच्या चुण्या बुजून जातात. आणि काम आलं होतं एका बंदराच्या देखाव्याचं, त्यात पिवळे रेनकोट घातलेली एकशे चाळीस माणसं. थोरलीने त्या डब्यातली कोरडी पूड मीडियममध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात घोटली, गाळली, थेंब थेंब पाडणाऱ्या सहा छोट्या बाटल्यांत भरली आणि वर एक ते सहा आकडे घातले. एका हातात रेनकोट झाकला गेला. धाकटीने आनंदाने तिचा हातच धरला होता. "ताई, काय रंग आणलात हो! जीव वाचवलात माझा."

राहता राहिलं तोंडाला लावणं. ब्रशला सुईसारखं टोक हवं असेल तर ओठांतून एकदा फिरवायचा, केस आपोआप जुळून येतात. हे धाकटीला कुणी शिकवलं? थोरलीनेच शिकवलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात, याच खोलीत, शेजारी बसवून. त्यांचे नेहमीचे रंग पाण्यातले, निरुपद्रवी, त्यामुळे कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दुकान ते घर वीस मिनिटांचं अंतर. त्या वीस मिनिटांत थोरलीने स्वतःला जे पटवायचं ते पटवून टाकलं. धाकटीला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता सात वर्षांनी पाचवा लागला होता. तिला उगीच घाबरवायचं कशाला? घाबरल्यानेच काही झालं तर? आपण रंग काढून घ्यायचा, गुपचूप, की विषय संपला. किती सोयीचा विचार! धाकटीच्या काळजीच्या नावाखाली थोरलीने स्वतःचीच कातडी वाचवायचा बेत केला होता, आणि हे तिला कळत नव्हतं असंही नाही.

घरी पोचली तेव्हा धाकटी खिडकीशी बसली होती. डाव्या हातात बुचावर चिकटवलेला पुतळा, उजव्या हातात ब्रश. ब्रश ओठांतून फिरवून ती म्हणाली, "मिळाला का रंग?"

"आण तो ब्रश इकडे." थोरलीने तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "केस फुटलेत याचे."

"कुठे फुटलेत? कालच तर नवीन दिलात."

"मला दिसतंय ना. आणि हे बघ, अशा दिवसांत ब्रश तोंडात घालू नये."

धाकटी हसायला लागली. "घ्या! तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच नाही म्हणताय? सात वर्षांची सवय, ताई. हात आपोआप जातो."

थोरलीने रंगाची पाटी उचलली. म्हणजे ओल्या स्पंजावर कागद पसरलेला तो डबा, ज्यात रंग दिवसभर ओला राहतो. तिने कागद चुरगळला, स्पंज काढला. टेबलावरच्या बाटल्या गोळा केल्या. "हा पिवळा नासलाय. वास मारतोय. आजपासून साधा पिवळा वापर, मी नवीन आणलाय."

धाकटीने एक बाटली नाकाशी नेली. "मला तर काही वास येत नाही. आणि आजकाल मला शेजारच्या घरातल्या फोडणीचाही वास येतो."

"तुला नाही कळायचं."

धाकटीने बाटली परत दिली. कपाटातलं काही निघालं की ती वाद घालायची नाही.

न्हाणीघरात जाऊन थोरलीने बाटल्या मांडल्या. एक, दोन आणि तीन रिकाम्या. पाचही रिकामी. सहाच्या तळाशी थोडा रंग. चार नंबर नव्हती.

तिने पुन्हा पाहिलं. पिशवी झटकली, टेबलाखाली वाकून बघितलं. चार नंबर नव्हतीच.  बाटली धाकटीकडे होती, दुसरीकडे कुठे असणार? इतक्या वर्षांत थेंब थेंब मोजून रंग देणाऱ्या बाईकडून चांगला रंग हाती लागला, तर कोण शहाणी बाजूला काढून ठेवणार नाही?

विचारायला फार लागत नव्हतं. 'चार नंबर कुठे आहे गं?' एवढंच. पण नासलेल्या रंगाच्या अर्ध्या बाटलीसाठी एवढा आटापिटा कशाला, असं धाकटीने विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. 

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, धाकटी साध्या पिवळ्याने रंगवत होती आणि तोंडाने कुरकुर करत होती. तीन हात झाले, चौथा झाला, तरी काळं दिसतंय. दुपारी ती आडवी झाल्यावर थोरलीने खोलीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. प्रायमरच्या डब्यांमागे पाहिलं. पुतळ्यांच्या खोक्यांत, चिंध्यांच्या पिशवीत पाहिलं. धाकटीच्या शिवणाच्या डब्यात हात घालताना दाराशी पाऊल वाजलं आणि तिने डबा तसाच टाकून दिला.

"काय शोधताय, ताई?"

"सुई. बटण तुटलंय."

"मला सांगायचं ना. द्या, मी लावून देते." आणि ती खरोखर हात पुढे करून उभी राहिली. थोरलीला मग आत जाऊन एका धड ब्लाउजचं बटण तोडावं लागलं. धाकटीने ते पाय पसरून, पोटावर कापड ठेवून, छान लावून दिलं.

संध्याकाळी थोरलीने दिवसभराचं काम पाहायला घेतलं. भिंग डोळ्याला लावलं. पहिले चार पुतळे जाड होते. गळ्याशी रंग साचलेला, चुण्या बुजलेल्या. पाचवा मात्र गुळगुळीत. एका हातात झाकलेला, चुण्या जशाच्या तशा. सहावाही तसाच. सातवाही. असे एकूण नऊ होते. म्हणजे साध्या पिवळ्याला कंटाळून धाकटीने चार नंबर काढली होती. नऊ पुतळे, आणि एकेका पुतळ्याला ब्रश दहादा तरी ओठांतून जाणार. थोरलीने भिंग खाली ठेवलं. 

धाकटी जवळ येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर चोरी होती आणि थोडी शाबासकीची आशाही. "बरे झालेत का?"

आत्ता सांग, थोरलीचं मन म्हणालं. ती म्हणाली, "बरे आहेत."

त्या क्षणाबद्दल ती पुढे स्वतःलाच विचारत राहिली. दोन शब्दांऐवजी दुसरे दोन शब्द बोलायचे होते. जीभ काही अडकली नव्हती, गळा दाबायला कुणी आलं नव्हतं. सात वर्षं ज्या बाईने आपलं प्रत्येक म्हणणं मान खाली घालून ऐकलं, तिच्यासमोर आपण चुकलो असं म्हणायचं होतं, आणि तेवढंच थोरलीला जमलं नाही.

गुरुवारी सकाळी ती चहा घेऊन खोलीत आली. धाकटीची पाठ दाराकडे होती. शेजारी विणकामाची पिशवी होती, तिच्यातून बाळासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची एकच बाही बाहेर आली होती. धाकटीने पिशवीत हात घातला, बाहीत गुंडाळलेली बाटली काढली, दोन थेंब पाटीवर टाकले आणि बाटली पुन्हा बाहीत गुंडाळून ठेवली. ब्रश बुडवला, एक रेनकोट रंगवला, ब्रश पाण्यात धुतला आणि ओठांकडे नेला.

"थांब!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की कप बशीतून उडाला. "तोंडात नको! शिसं आहे त्यात! थुंक, थुंक आधी!"

धाकटी वळली. ब्रश ओठांपासून बोटभर अंतरावर तसाच राहिला. "काय आहे?"

"शिसं. विष असतं ते. पिवळ्यात. त्या डब्यात." थोरलीला धड वाक्य जमेना. "मला माहीत नव्हतं गं. मी लेबल काढून टाकलं."

 धाकटीने ब्रश खाली ठेवला, नीट, आडवा, शिकवल्याप्रमाणे. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सगळं विचारून घेतलं. किती दिवस, दिवसातून किती वेळा, पूड कुणी घोटली. दोघींचं रक्त घ्यायला सांगितलं. "हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"आजच," थोरली म्हणाली. "आज सकाळी."

रक्ताचा निकाल शनिवारी यायचा होता. ते दोन दिवस थोरलीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. धाकटी रागावली असती, भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर थोरलीला सोसलं असतं. पण धाकटीने उलटंच केलं. नवऱ्याचा आवाज चढला तेव्हा ती मध्ये पडली. "ताईंना काही बोलू नका. त्यांना तरी कुठे माहीत होतं? कळल्याबरोबर धावत आल्या त्या. त्यांच्या लक्षात आलं म्हणून थांबलं तरी." आईला फोनवर तेच सांगितलं. रात्रीच्या जेवणाला तिने थोरलीच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "खा हो ताई. तुमच्याही अंगात गेलंय ते, पूड तुम्हीच घोटत होतात. माझ्यापायी उपाशी राहू नका." 

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. थोरलीच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. धाकटीचा आकडा जास्तीत जास्त जितका चालतो त्याच्या दुपटीहून वर होता.

"बाळ?" धाकटीने विचारलं.

"बाळाची वाढ आज तरी ठीक दिसतेय. काही होईलच असं नाही. काही होणार नाही, असंही मी म्हणणार नाही. गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. महिन्याने पुन्हा रक्त बघू." त्यांनी पेन उचललं. "तो रंग पूर्ण बंद आहे ना? घरात एखादी बाटली राहिलेली नाही ना?"

"नाही, आता काही नाही," धाकटी म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "चूक माझीच आहे, डॉक्टर. ताईंनी सगळ्या बाटल्या मंगळवारीच काढून नेल्या होत्या, रंग नासला म्हणून. मीच एक लपवून ठेवली. चांगला रंग होता, म्हणून हावरटपणा केला. बुधवारी नऊ पुतळे तिनेच रंगवले. मी तेव्हाच दिली असती तर निदान ते दोन दिवस तरी..." तिने पदराने नाक पुसलं. "माझ्या बाळाचं काही वाईट झालं तर ते माझ्या हाताने झालं."

 थोरलीला गप्प बसता आलं असतं. धाकटी स्वतःच सगळा दोष डोक्यावर घेऊन उठत होती, डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, आणि दुकानदाराला विचारायला कुणी जाणार नव्हतं.

"तिची चूक नाही," थोरली म्हणाली. "रंग नासला नव्हता. मला मंगळवारीच कळलं होतं."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. धाकटीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती, तिला नुसतं समजत नव्हतं.

"मंगळवारी?"

"दुकानदाराने सांगितलं. दुपारी."

"म्हणजे बुधवारी मी रंगवत होते तेव्हा..."

"हो."

"तुम्ही पुतळे बघितलेत. भिंगातून. तुम्हाला कळलं असेल."

"कळलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला आणि दोन दिवसांनी आकड्यात फार फरक पडत नाही, असं काहीतरी सांगितलं. ते खरंही असेल. दोघींपैकी एकीनेही ते धड ऐकलं नाही.

बाहेर जिना होता, उंच पायऱ्यांचा. धाकटी अर्ध्यावर आली आणि थांबली. गोळ्यांची पुडी तिने छातीशी धरली होती.

"ताई, त्या दिवशी तुम्ही सुई शोधत नव्हतात."

"नाही."

"बाटली शोधत होतात."

"हो."

"मग मला विचारलं का नाहीत?"

थोरलीने तोंड उघडलं. तू घाबरशील म्हणून, हे उत्तर चार दिवस तयार होतं. ते आता ओठांवर येईना. "सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं, हे तुला सांगावं लागलं असतं."

 धाकटी अगदी हळू आवाजात, कुणाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "मी दिली असती हो. तुम्ही नुसतं मागितली असतीत तरी दिली असती. का म्हणूनसुद्धा विचारलं नसतं."

ती उतरायला वळली. खालच्या पायरीवर तिचा तोल जरासा गेला, आणि थोरलीने चटकन हात पुढे केला. धाकटीने तो पाहिला. मग तिने कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत खाली गेली.